नॅरोबोटला ब्लॅकिंग करताना पत्रा आधी कोरडा कसा करावा

इंग्लंडच्या कालव्यांवर माझी ५७ फुटी पोलादी नॅरोबोट, म्हणजे कालव्यांतली लांब, अरुंद बोट आहे. दर दोन-तीन वर्षांनी ती पाण्याबाहेर काढायची आणि पाण्याखालच्या व पाण्यालगतच्या पत्र्याला काळा रंग द्यायचा, याला इथे ब्लॅकिंग म्हणतात. हे काम मी बोटी दुरुस्त करणाऱ्या यार्डाकडे न देता स्वतः करतो. या विषयावर जो तो कुठला डबा घ्यावा एवढंच सांगतो, त्याचा मला आता कंटाळा आलाय. डबा कुठलाही चांगला घ्या. रंग टिकतो की नाही हे तो लावताना पत्रा किती कोरडा होता यावर ठरतं.

डब्याबद्दल एवढंच लक्षात ठेवा: बिटुमेनवर (डांबरासारख्या काळ्या रंगावर) टू-पॅक इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा रंग) लावायचा नाही. इपॉक्सीमधलं सॉल्व्हंट खालचं बिटुमेन मऊ करतं आणि दोन्ही थर सुटतात. इपॉक्सी हवा असेल तर ग्रिट ब्लास्टिंग करून, म्हणजे हवेच्या दाबाने खरखरीत कण मारून, पत्रा पार उघडा करावा लागतो. तेवढा खर्च झेपत असेल तर जरूर करा, जास्त वर्षं टिकतो. नाहीतर बिटुमेनवर बिटुमेन.

बोट बाहेर आली की शेवाळ ओलं आहे तोवरच प्रेशर वॉशर मारा. वाळलं की ते सिमेंटसारखं धरतं.

मग खरवडणं. सगळ्यात वाईट गंज पाण्याच्या रेघेवर सापडेल, कारण तिथे पत्रा सतत भिजतो आणि सतत हवा खातो. फुगलेली खपली दिसली की ती स्क्रेपरने किंवा नीडल गनने (सुयांनी ठोकून गंज उडवणाऱ्या यंत्राने) उडवा आणि खड्ड्यात वायर ब्रश घाला. घट्ट बसलेला जुना बिटुमेन काढायची गरज नाही. खड्डा गुळगुळीत करायला ग्राइंडर मात्र मुळीच चालवू नका. बाजूचा पत्रा नवा असतानाच साधारण ६ मिमीचा असतो आणि तो ४ मिमीच्या खाली गेला की विम्यासाठी वरून नवा पत्रा मारायची वेळ येते. जे पोलाद गंजाने अजून खाल्लेलं नाही, ते आपल्या हाताने कशाला घालवायचं? ॲनोड (पत्र्याऐवजी झिजावेत म्हणून बोटीला लावलेले धातूचे ठोकळे) बदलायचे असतील तर तेही याच टप्प्यावर वेल्ड करून घ्या. नंतर केलेलं वेल्डिंग ताजा रंग जाळतं.

आता कोरडं करणं. इथेच मी दोनदा फसलो.

पहिल्यांदा एप्रिल होता, लख्ख ऊन होतं. मी सकाळी साडेआठला नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून सुरुवात केली आणि संध्याकाळपर्यंत एक हात पुरा केला. दोन वर्षांनी बोट बाहेर काढली तर मागचा सगळा भाग ठीक, आणि पुढच्या आठ फुटांत वॉशरच्या पाण्याबरोबर रंगाचे तळहाताएवढे पापुद्रे सुटून येत होते. पापुद्र्याची आतली बाजू नारिंगी, जणू पत्र्यावरच्या गंजाचा ठसाच. मी रंगाला दोष दिला आणि पुढच्या खेपेला दुसरा आणला. पुन्हा तेच झालं, तेही त्याच आठ फुटांत.

तिसऱ्या वेळी मी रंगाचा डबा न उघडता सकाळी नुसता पत्रा बघत उभा राहिलो. नाळेच्या दोन्ही बाजूंना एक सरळ आडवी रेघ होती. रेघेच्या वर पत्रा फिका, खाली किंचित गडद. टिश्यू पेपर लावला, तो खालच्या भागात ओला झाला. ती रेघ आतल्या पाण्याच्या पातळीची होती. बऱ्याच नॅरोबोटींत पिण्याच्या पाण्याची टाकी पुढच्या टोकाला असते आणि बोटीचा पत्रा हीच टाकीची भिंत असते. गार पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम सुटतो, तसाच त्या पत्र्याला सुटत होता, आणि मी दोनदा घामावर रंग मारला होता.

म्हणून रंगाच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी करा. पंप लावून सगळं पाणी सोडा. इंजिनाखालच्या बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत पाणी साचलं असेल तर तेही उपसा.

मग मोजा. चुंबकाने पत्र्याला चिकटणारा थर्मामीटर आणि हवेतली आर्द्रता मोजणारा साधा हायग्रोमीटर एवढं पुरतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं त्यापेक्षा) किमान ३ अंश जास्त हवं आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. हवा १२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर दवबिंदू ८.७ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे पत्रा ११.७ च्या वर पाहिजे. टाकीतलं पाणी ८ अंशांवर असेल तर तिथला पत्रा कितीही ऊन असलं तरी सहज कोरडा होत नाही. उपकरणं नसतील तर ओल्या फडक्याने पत्र्यावर एक पुसट पट्टा ओढा. पंधरा मिनिटांत तो वाळला तर रंग लावा, तसाच राहिला तर डबा बंद ठेवा.

घाई म्हणून गॅसची ज्योत पत्र्यावर फिरवू नका. हा सल्ला मला अनुभवी लोकांनीही दिलाय आणि तो चुकीचा आहे. गॅस जळताना वाफ तयार होते आणि तीच गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. ताडपत्रीखाली गॅसचा हीटर लावला तरी तेच. वारा खेळू द्या. ड्राय डॉकमध्ये (पाणी काढून टाकलेल्या गोदीत) खाली डबकी असतील तर ती झाडून काढा. सकाळी दहा-अकराच्या आधी सुरुवात नको आणि दुपारी तीननंतर ब्रश हातात नको. संध्याकाळी पत्रा हवेच्या आधी थंड होतो आणि अर्धवट सुकलेल्या रंगावर दव बसतं.

रंग देणं त्या मानाने सोपं आहे. पहिला हात ब्रशने, खड्ड्यांत आणि वेल्डच्या सांध्यांत घासून भरत. नंतरचे रोलरने. दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. पाण्याच्या रेघेला तिसरा हात हवाच. तळाचा १० मिमी जाडीचा पत्रा पुष्कळ जण सोडून देतात. बोट खाली शिरता येईल इतक्या उंच टेकूंवर असेल तर मी सोडत नाही.

ॲनोडवर रंगाचा थेंबही नको. तो आधी झिजतो म्हणून पत्रा वाचतो, रंगाने झाकला तर त्याचा काही उपयोग नाही. गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचा ॲनोड लावा. जस्ताचा समुद्रासाठी असतो, कालव्यात त्याच्यावर थर बसून तो निकामी होतो. बोट किनाऱ्यावरच्या विजेला जोडून ठेवत असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर (वायरीतून बोटींमध्ये वाहणारा गंजवणारा बारीक प्रवाह अडवणारं उपकरण) बसवा, नाहीतर शेजारच्या बोटींमुळे तुमचे ॲनोड भराभर संपतात.

शेवटचा हात झाला की डब्यावर लिहिलेत तेवढे दिवस थांबा आणि मगच पाण्यात सोडा. टाकी त्यानंतर भरा. डिझेल भरताना टाकीच्या तोंडाभोवती फडकं धरा. डिझेल बिटुमेनला विरघळवतं, आणि भरायच्या तोंडाखालीच रंगावर ओघळाची उभी पट्टी पडलेली मी कित्येक बोटींवर पाहिली आहे.