मुंबईत गेलात की पहिल्याच दिवशी मासे खाऊ नका

आमच्या रत्नागिरीकडून माणूस मुंबईला जातो तो दवाखान्यासाठी, लग्नाच्या खरेदीसाठी नायतर पोरांच्या ॲडमिशनसाठी, दोन दिवस राहतो, दोन्ही दिवस दादरला त्याच एका हॉटेलात सुरमई थाळी खातो आणि परत येऊन सांगतो की मुंबईच्या खाण्यात काय मजा नाही. अहो कशी असेल मजा? मिरकरवाडा बंदरावर उतरलेली सुरमई ज्याच्या घरी त्याच दुपारी तव्यावर पडते त्याने तिकडे जाऊन तीच का मागायची? मुंबईत इराणी आहेत, पारशी आहेत, उडपी आहेत, गुजराती, बोहरी, सिंधी, पंजाबी, सगळे आपापलं जेवण घेऊन आले आणि कित्येक वर्षं तेच रांधतायत. हे सगळं मी गेल्या दहा-बारा वर्षांत आईला घेऊन फिरून फिरून शिकलोय, तिच्या डोळ्यांच्या तपासणीला वर्षातून दोनदा जावं लागतं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून ठेवावं.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. जुन्या हॉटेलांत प्रत्येकाची आपली एक वेळ असते आणि त्याच वेळेला तिथे जायचं. ब्रिटानिया हे पारशी हॉटेल मुळात दुपारचं, न विचारता रात्री तिकडे गेलात तर बंद दार बघून परत याल. निहारी म्हणजे रात्रभर शिजवलेला मटणाचा रस्सा, हा मुळात सकाळचा पदार्थ, नावच सकाळवरून पडलंय. गुजराती भोजनालयं तीन-साडेतीनला आवरतात ती थेट संध्याकाळी उघडतात. म्हणजे "भूक लागली की बघू" हा आपला हिशोब इथे चालत नाही, आधी ठरवून निघायचं.

तुतारी एक्सप्रेसने गेलात तर ती सकाळी दादरला सोडते. तिथून सेंट्रलची स्लो लोकल पकडा आणि एकच स्टेशन मागे, कल्याणच्या दिशेने, माटुंग्याला या, फास्ट तिथे थांबत नाही हे लक्षात ठेवा. माटुंगा पूर्वेला कॅफे मद्रास आहे, १९४० पासूनचं, पण सोमवारी बंद असतं. बाहेर वहीत नाव आणि किती माणसं ते लिहायचं, मग नाव पुकारेपर्यंत फूटपाथवर उभं राहायचं. दोघंच असाल तर समोर अनोळखी माणसं बसवतील, त्यात वाईट वाटून घेऊ नका, तिथे सगळेच तसे बसतात, आणि शेजारच्या माणसाने काय घेतलंय ते बघून मागवायला तर उलट बरं पडतं. रसम वडा, पोडी (मसाल्याची चटणी लावलेली) इडली, नाचणीचा डोसा. आपण नाचणीची भाकरी आणि आंबील खाऊन वाढलेली माणसं, पण तिचा असा कुरकुरीत डोसा आईने पहिल्यांदा बघितला तेव्हा तिने उरलेला अर्धा कागदात बांधून घेतला की घरी जाऊन करून बघायचाय. शेवटी फिल्टर कॉफी, ती स्टीलच्या पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात ओतून गार करून प्यायची. तिथून स्टेशनकडे परत येताना राम आश्रय लागतं, शिऱ्यासाठी प्रसिद्ध, आणि रोज शिऱ्याचा प्रकार वेगळा असतो, अननसाचा असेल त्या दिवशी सोडू नका. पण एका ठिकाणी पोट भरून घ्यायचं नाही. दोघांत एक डिश मागवा, अजून दिवस पडलाय.

इराण्याकडे जायचं तर धोबी तलावला मेट्रो सिनेमाजवळ कयानी, १९०४ सालचं. उंच छत, लाकडी खुर्च्या, काचेच्या बरण्यांत बिस्किटं. तिथे डोसा नायतर पावभाजी शोधू नका, बन मस्का, ब्रुन मस्का, खिमा पाव, अकुरी आणि चहा, बास. बन मऊ आणि थोडा गोड असतो, ब्रुनचं वरचं कवच कडक असतं, तो चहात बुडवून खाल्ला तरच मजा, नुसता चावलात तर टाळू सोलवटेल. अकुरी म्हणजे अंड्याची बुर्जी पण ओलसर ठेवलेली, कुणाला ती कच्ची वाटते आणि परत पाठवतात, तसं करू नका, ती तशीच असते. असल्या जुन्या हॉटेलांत जाताना सुट्टे पैसे खिशात असू देत, सगळीकडे फोनवरून पैसे चालतीलच असं नाही.

पारशी जेवणासाठी बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया, १९२३ चं. बेरी पुलाव तिथली खासियत, त्यातली आंबट लाल बारीक फळं इराणकडची. आपल्याला आमसुलं आणि कोकमाची सवय म्हणून ती आंबट चव लगेच पटते असं माझं मत आहे. सोबत सल्ली बोटी (मटणावर बटाट्याच्या तळलेल्या काड्या) मागवा आणि रास्पबेरी सोडा. आणि धानसाक, म्हणजे डाळीत शिजवलेलं मटण, त्याबद्दल एक सांगून ठेवतो, ते बऱ्याच पारशी घरांत रविवारचं जेवण आहे, पण शुभकार्याला ते करत नाहीत, कारण घरात कुणी गेलं की चौथ्या दिवशी धानसाक करायची त्यांची रीत आहे. म्हणून ओळखीच्या पारशाकडे नवरोजला जेवायला बोलावलं तर "धानसाक आहे का" असं विचारू नका. आपल्याकडे बारशाला कुणी तेराव्याचं जेवण मागितलं तर कसं वाटेल, तसंच ते.

आईचा सोमवार नायतर संकष्टी असली की आम्ही थाळीकडे वळतो. माटुंगा स्टेशनसमोर मार्केटच्या माडीवर रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ चं, केळीच्या पानावर वाढतात (हेही सोमवारी बंद, म्हणजे सोमवारची सोय इथे नाही, फक्त संकष्टीची). काळबादेवीला ठाकर भोजनालय, १९४५ चं, ती गुजराती थाळी. गुजराती थाळी खायची एक पद्धत आहे आणि ती मला दोन-तीनदा पोट बिघडवून घेतल्यावर कळली. बसल्या बसल्या पाच जण पाच भांडी घेऊन येतात आणि आपण लाजून सगळ्याला हो म्हणतो, आणि पहिल्या दहा मिनिटांत फुलक्यांनीच पोट भरतं. तर आधी विचारायचं आज फरसाण काय, गोड काय. प्रत्येक भाजी चमचाभरच घ्यायची, आवडली ती परत मागायची. फुलके दोन, फार तर तीन. शेवटच्या खिचडी-कढीला जागा ठेवायचीच, साजूक तूप घालून मऊ खिचडी, त्यासाठी मी बाकी काहीही सोडीन. आणि नको असेल तेव्हा तोंडाने "नको नको" म्हणून उपयोग नाही, ते आग्रहच समजतात, वाटीवर सरळ तळहात आडवा धरायचा.

मोहम्मद अली रोडला रमझानमध्ये एकदा तरी जा. मिनारा मशिदीच्या गल्लीत मालपुवा, फिरनी, कबाब, पहाटेपर्यंत सगळं चालू असतं. रोजा सुटायच्या वेळेला नेमकं घुसू नका, दिवसभर पाण्याचा थेंब न घेतलेली माणसं असतात, त्यांचं खाणं आधी होऊ दे, आपण तास-दीड तासाने जावं हे बरं. मसजिद नायतर सँडहर्स्ट रोडला उतरून चालत जा, टॅक्सी त्या गर्दीत अडकते. एरवी नळी निहारीसाठी भेंडीबाजारात नूर मोहम्मदी, तेही १९२३ चं. एक प्लेट दोघांना पुरते, वर लिंबू पिळा आणि नान गरम आहे तोवर संपवा, तो गार झाला की चिवट होतो.

आता एवढं सगळं सांगूनही तिसऱ्या दिवशी जीव माशावर जातोच, माझाही जातो. मग निदान आपल्या घरच्यासारखं नसेल असं काहीतरी घ्या. मंगलोरी लंच होममध्ये जाऊन गस्सी (खोबऱ्याची आमटी) आणि नीर डोसा (तांदळाचा पातळ डोसा) घ्या, खोबरं आपल्यासारखंच पण चिंच आणि ब्याडगी मिरचीने चव पार बदलते. किंवा सायन कोळीवाड्याची तळलेली कोळंबी. नाव ऐकून आपल्याला वाटतं कोळ्यांची रेसिपी, पण ती फाळणीनंतर तिथे येऊन राहिलेल्या पंजाबी लोकांची असं तिथले सांगतात, आणि त्यातलं बेसन आणि ओवा बघितलं की पटतं. जून-जुलैत मात्र मासे टाळाच, आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलर बंद असतात, तेव्हा ताटात येतं ते बहुतेक बर्फातलं नायतर बाहेरून आलेलं, आणि ते तुम्हाला पहिल्या घासाला कळणार.

आणि मेनूकार्डावर ज्या माशासमोर आकडा नसून "साइजप्रमाणे" लिहिलेलं असतं तो भाव विचारल्याशिवाय मागवू नका. मी एका मोठ्या नावाच्या हॉटेलात आईसमोर लाजेने विचारलं नाही, दोन कुर्ल्या (खेकडे) मागवल्या आणि बिल आलं तेव्हा आमच्या परतीच्या तिकिटांपेक्षा जास्त नुसत्या कुर्ल्यांचे. आई काही बोलली नाही पण रात्रभर तिच्या मनात तेच होतं हे मला कळत होतं, अजून वाईट वाटतं. वेटरला म्हणायचं, आधी आणून दाखवा, वजन सांगा, शिजवून किती होतील ते सांगा. चांगलं हॉटेल असेल तर ट्रेमध्ये आणून दाखवतात, त्यात काय कमीपणा नाही.

बिलाचं पण बघून घ्या. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के. त्याच्यावर "सर्व्हिस चार्ज" म्हणून वेगळी ओळ असली तर ती सरकारी नाही, देणं सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलंय की हॉटेलने तो आपणहून बिलात घालू नये, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. शांतपणे "हा काढून द्या" म्हणा, बहुतेक वेळा काढतात. नाही काढला तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि वाचलेल्यातले थोडे वाढणाऱ्या पोराच्या हातात ठेवा, त्याने आपल्याला तीनदा भात आणून दिलेला असतो.

सामानाचं म्हणाल तर आंब्याची पेटी नायतर तांदळाची गोण घेऊन यातल्या कुठल्याच हॉटेलात शिरता येत नाही, टेबलं एकमेकांना चिकटून असतात. सीएसएमटीला क्लोकरूम आहे, तिकीट दाखवून ठेवता येतं, बॅगेला कुलूप लागतं तेवढं घरून घेऊन निघा. परतीला रात्रीची कोकणकन्या एक्सप्रेस असेल तर संध्याकाळीच कयानीतून मावा केक घेऊन ठेवा, उशिरा गेलात तर संपलेले असतात, तिथून सीएसएमटी चालत जाण्यासारखं आहे. खोका बॅगेत सगळ्यात वर ठेवा, खाली दबला की सकाळी रत्नागिरीला भुगा निघतो.