स्विच २ आणि पोकेमॉन: घेण्याआधी आणि घेतल्यावर या चुका टाळा

"दादा, हे चालूनच नाही राहिलं." आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात नवा स्विच २, म्हणजे निन्टेन्डोचा व्हिडिओ गेम खेळायचा कन्सोल, हातात घेऊन आलेलं पोट्टं असं म्हणालं की मी आधी मशीन उघडून पाहत नाही. चार्जर कोणता, घरी लाईन कशी असते, डेटा किती आणि घेतलं कुठून, हे विचारतो. निम्म्याहून जास्त वेळा उत्तर तिथंच सापडतं.

निन्टेन्डोनं हा कन्सोल ५ जून २०२५ ला आणला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ४४९.९९ डॉलर होती. भारतात कंपनी तो स्वतः विकत नाही. जो येतो तो बाहेरून मागवलेला, त्यामुळे त्यावर आयातीचा खर्च आणि मधल्या दुकानदारांचा नफा चढतो, आणि वॉरंटी म्हणजे विकणाऱ्याचा शब्द. कापसाचा चुकारा हाती आल्यावर त्यातून एवढी रक्कम पोरासाठी काढणं हा घरातला मोठा निर्णय असतो. तो निर्णय पोटाला चिमटा देऊन घेतलेला असतो, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

स्वस्त दिसला म्हणून जपानी डबा घेऊ नका

जपानमध्ये स्विच २ दोन प्रकारांत निघाला. एक ४९,९८० येनचा, ज्यात सगळे मेनू फक्त जपानीत आहेत आणि खातंही जपानचंच लागतं. दुसरा ६९,९८० येनचा, ज्यात इतर भाषा निवडता येतात. पहिला स्वस्त, म्हणून तोच "ओरिजिनल जपान पीस" या नावानं इकडे पोचतो. घरी आणून डबा उघडला की सेटिंगमध्ये इंग्रजी सापडत नाही, आणि ती नंतर टाकताही येत नाही. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: सिस्टिमची भाषा बदलते का? दुकानात असाल तर समोर बदलून दाखवायला सांगा. ऑनलाइन मागवत असाल तर तसा व्हिडिओ मागा. टाळाटाळ झाली तर सौदा सोडून द्या.

खेळाच्या डब्याचंही तसंच आहे. काही डब्यांवर खालच्या बाजूला किल्लीचं चिन्ह असतं. त्याला गेम-की कार्ड म्हणतात. त्या कार्डात खेळ नसतो, तो उतरवून घ्यायची परवानगी असते. पूर्ण खेळ इंटरनेटवरून घ्यावा लागतो आणि खेळताना कार्डही आत लागतं. मार्च २०२६ चा पोकेमॉनचा खेळ पोकोपिया असाच आहे. ज्यांच्या गावात टॉवरच्या दोन कांड्या मिळवायला गच्चीवर जावं लागतं, त्यांनी डब्यावरचं हे चिन्ह पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

४५ अंशांत हे यंत्र चालवू नका

निन्टेन्डोनं वापरासाठी सांगितलेलं तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस आहे. आपल्याकडे चंद्रपूर-ब्रह्मपुरीला मे महिन्यात पारा ४५-४६ ला टेकतो, यवतमाळ-अकोल्यातही फारसं वेगळं नसतं. टिनाच्या छपराखाली दुपारी दोनला बसून खेळलं की यंत्र आधी गरम होतं, मग पंख्याचा आवाज वाढतो, मग पडद्यावर सूचना येते आणि ते स्वतःहून झोपी जातं. हा बिघाड नाही. आतला चिपसेट आणि बॅटरी वाचावी म्हणून ते तसंच बनवलेलं आहे. अशा वेळी पुन्हापुन्हा चालू करत बसणं हीच खरी चूक. बंद करा, सावलीत ठेवा, अंगचं तापमान उतरू द्या. फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नका. बाहेर काढल्यावर दमट हवेचं पाणी आत जमतं, आणि पाण्यानं झालेलं नुकसान उन्हाच्या नुकसानीपेक्षा वाईट.

कूलरचंही ऐका. खसाच्या ताट्या ओल्या असतात, आणि मोटर जोरात असली की हवेबरोबर बारीक थेंबही येतात. कूलरच्या तोंडासमोर यंत्र धरू नका, बाजूला बसा. गादीवर किंवा दुलईवर ठेवून खेळू नका, मागच्या जाळीतून हवा आत जाते आणि वरच्या जाळीतून बाहेर पडते. चार्जिंगला लावून खेळलं की गरमी आणखी वाढते, म्हणून उन्हाळ्यात आधी चार्ज करून घ्या आणि वायर काढून खेळा. मोटरसायकलच्या डिक्कीत किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर यंत्र ठेवून वावरात जाऊ नका. मे महिन्यात खेळायची वेळ पहाटेची किंवा रात्री उशिराची.

दिवाळीनंतर आणखी एक त्रास सुरू होतो. वेचणी चालू असते आणि भाव येईस्तोवर कापूस घरातच, बऱ्याचदा झोपायच्या खोलीत रचून ठेवलेला असतो. त्याचा बारीक तंतू हवेत उडतो आणि पंख्याच्या जाळीवर पांढरी बुरशी धरावी तसा थर बसतो. हवा अडली की यंत्र थंडीतही तापतं. मऊ कोरड्या ब्रशनं जाळी झाडा. तोंडानं फुंकू नका, थुंकीचे शिंतोडे आत जातात. कापूस ठेवलेल्या खोलीत न खेळणं सगळ्यात सोपं.

पडद्यावरची फिल्म हा प्लास्टिकचा कागद समजून ओढून काढणारेही भेटतात. स्विच २ च्या ७.९ इंची पडद्यावर कारखान्यातच एक थर बसवलेला असतो, काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून. तो काढायचा नसतो. स्क्रीनगार्ड लावायचा तर त्याच्यावरून लावा.

"चार्ज होतं, पण टीव्हीवर दिसत नाही"

ही तक्रार सर्वांत जास्त येते, आणि तिचं कारण बहुतेकदा चार्जर. डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये, ठेवून टीव्हीवर खेळायला स्विच २ ला २० व्होल्ट, ३ अँपिअर लागतात, म्हणजे ६० वॉट. डब्यात येणारा अ‍ॅडॅप्टर तेवढा देतो. जुन्या स्विचचा अ‍ॅडॅप्टर नव्याला चार्ज करतो, टीव्हीवर मात्र चालवत नाही. जुना डॉकही नव्याला चालत नाही. मोबाइलच्या चार्जरवर ६७ किंवा ८० वॉट लिहिलेलं असतं, पण बऱ्याच कंपन्यांचा तो वेग त्यांच्याच फोनपुरता असतो. चार्जरवर बारीक अक्षरांत आउटपुट लिहिलेलं असतं, तिथं पीडी (पॉवर डिलिव्हरी) आणि २० व्होल्ट, ३ अँपिअर असं दिसलं तरच डॉकला लावा. एचडीएमआय वायर पूर्ण आत बसली आहे का आणि टीव्हीवर बरोबर पोर्ट निवडला आहे का, हेही पाहून घ्या. हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

लाईनबद्दल मात्र जास्त सांभाळावं लागतं. अ‍ॅडॅप्टरवर इनपुट १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असलं तर संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी सुरू होऊन व्होल्टेज पडलं तरी तो सहसा तग धरतो. भीती उलट्या बाजूची आहे. गावातल्या लाइनीचा न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. बल्ब एकदम लख्ख पेटतात, पंखे पिसाळतात. असं दिसलं की विचार न करता मेन बंद करा. स्पाइकगार्ड विजेच्या क्षणिक धक्क्यापुरता असतो, न्यूट्रल तुटल्यावर तो फार वेळ वाचवत नाही. आणि लाल दिवा असलेला प्रत्येक एक्स्टेंशन बोर्ड स्पाइकगार्ड नसतो. मृगाच्या तोंडावर गडगडाट सुरू झाला की अ‍ॅडॅप्टर भिंतीतून काढून ठेवा. डॉक, टीव्ही आणि डिशची वायर एकमेकांना जोडलेली असतात, त्यातल्या कुठल्याही वाटेनं धक्का आत येतो.

लाईन गेली तर टीव्ही जातो, खेळ जात नाही. यंत्र डॉकमधून उचलून हातात घ्या, ते बॅटरीवर तसंच पुढे चालतं. कंपनीच्या सांगण्यानुसार बॅटरी २ ते साडेसहा तास पुरते, आणि जड खेळाला ती खालच्या टोकाकडेच राहते. सेटिंगमध्ये ९० टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवायची सोय आहे. कायम डॉकमध्ये राहणाऱ्या यंत्राला ती जरूर लावा. दहावी-बारावीच्या वर्षात कन्सोल कपाटात जातो, आणि ते बरोबरच आहे, पण निदान सहा महिन्यांतून एकदा तो चार्ज करा. पूर्ण रिकामी राहिलेली बॅटरी कायमची जाऊ शकते. बराच काळ बंद असलेलं यंत्र चार्जरला लावल्या लावल्या चालू होत नाही, पंधरा-वीस मिनिटं द्या. पडदा अडकून बसला तर पॉवर बटण १२ सेकंद दाबून धरा.

डेटा आणि कार्ड

पहिल्यांदा चालू केल्यावर सिस्टिम अपडेट लागतो. तो होईपर्यंत जुन्या स्विचचे खेळ चालत नाहीत. तालुक्याच्या ठिकाणी नातेवाइकांकडे वायफाय असेल तर तिथंच करून आणा. रोज दीड जीबीच्या पॅकवर १० जीबीचा खेळ उतरवायचा तर आठवडा जातो. यंत्र झोपेत असतानाही उतरवणं चालू राहतं आणि तुटलं तर पुढून सुरू होतं, तेव्हा मोबाइलचा हॉटस्पॉट रात्री लावून ठेवा आणि घाई करू नका.

आतली जागा २५६ जीबी आहे. वाढवायची तर मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्डच लागतं, त्यावर ईएक्स असं चिन्ह असतं. मोबाइलमधलं जुनं कार्ड बसतं, पण त्यातून फक्त जुने फोटो-व्हिडिओ घेता येतात, खेळ ठेवता येत नाहीत.

मेहनतीचा सेव्ह घालवू नका

पोकेमॉन म्हणजे महिनोन्‌महिने जमवलेलं धन. एकेक प्राणी शोधून, पकडून, वाढवून केलेला तो संग्रह असतो. तो एका चुकीनं गेला की पोरं रडतात, आणि मला त्यात काहीच क्षुल्लक वाटत नाही.

पहिलं लक्षात ठेवा: स्विचवर सेव्ह, म्हणजे खेळात केलेल्या प्रगतीची नोंद, मेमरी कार्डात किंवा खेळाच्या कार्ट्रिजमध्ये राहत नाही, यंत्राच्या आतल्या मेमरीत राहतो. मित्राचं कार्ट्रिज आणलं म्हणून त्याचे प्राणी येत नाहीत, आणि कार्ट्रिज विकलं म्हणून तुमचे जात नाहीत. स्कार्लेट-व्हायोलेटसारख्या पोकेमॉन खेळांची सेव्हची प्रत क्लाउडवर (इंटरनेटवरच्या साठ्यात) ठेवता येत नाही, त्यामुळे यंत्र हरवलं तर संग्रहही हरवला. जुना स्विच विकून नवा घेणार असाल तर आधी दोन्ही जवळ ठेवून सेव्ह नव्यावर हलवा, नव्यावर खेळ उघडून खात्री करा, आणि मगच जुना पुसा. गिऱ्हाईक दारात उभं आहे म्हणून आधी पुसून टाकणं ही सर्वांत महागाची चूक.

जागा करायला खेळ काढताना आर्काइव्ह निवडलं तर सेव्ह सुरक्षित राहतो. "सेव्ह डेटा डिलीट" हा पर्याय वेगळा आहे, त्याला हात लावू नका. एका युजरला एकच सेव्ह मिळतो. लहान बहिणीलाही खेळायचं असेल तर तिचा वेगळा युजर बनवा, म्हणजे ताईचा संग्रह पुसायची वेळच येत नाही. स्कार्लेट-व्हायोलेटचा सेव्ह बिघडलाच तर सुरुवातीच्या पडद्यावर वरचं बटण, एक्स आणि बी एकत्र दाबा, मागची प्रत उघडायचा पर्याय येतो.

खेळतानाच्या चुका

पोकेमॉनचा लेजेंड्स: झेड-ए हा खेळ १६ ऑक्टोबर २०२५ ला आला. लुमिओज शहरातला हा खेळ जुन्या पोकेमॉनसारखा आळीपाळीनं चालत नाही, लढाई चालू असतानाच सगळं घडतं. जुन्या सवयीनं एका जागी उभं राहणारी पोरं सपाटून मार खातात, कारण जंगली पोकेमॉन थेट खेळाडूवरही हल्ला करतो. झेडएल बटण धरून लक्ष्य पकडा, हल्ला निवडा, आणि तुमचा गडी धावत जाईपर्यंत तुम्ही बाजूला सरका. सुरुवातीचा गडी म्हणून चिकोरिटा, टेपिग, टोटोडाइल यांतला कुणीही घेतला तरी खेळ पार होतो, त्यावर डोकेफोड नको.

या खेळाची जुन्या स्विचची प्रत स्विच २ वर चालते, पण नव्याचा वेग आणि चित्र हवं असेल तर वेगळा अपग्रेड पॅक विकत घ्यावा लागतो. स्कार्लेट-व्हायोलेटला मात्र तो अपडेट फुकट आहे. नव्या यंत्रावरही हे खेळ अडखळत असतील तर तुम्ही तो उतरवलेला नाही.

मराठी-हिंदी या खेळांत नाही. स्कार्लेट-व्हायोलेटमध्ये सुरुवातीला निवडलेली भाषा त्या सेव्हमध्ये पुढे बदलत नाही, म्हणून पहिल्या पडद्यावर घाईनं बटण दाबू नका.

अदलाबदलीसाठी मात्र इंटरनेट लागतंच असं नाही. ऑनलाइन करायची तर पैसे भरून सदस्यत्व घ्यावं लागतं, पण दोन यंत्रं एका ओसरीवर असली तर लोकल जोडणीनं, टॉवर नसतानाही होते. दोघांनी सारखा कोड टाकायचा, बस. मॅचोक, कडाब्रा आणि हॉन्टर हे पोकेमॉन अदलाबदलीनंच पुढच्या रूपात जातात, तेव्हा परत द्यायचे आहेत हे आधीच ठरवून घ्या, आणि पडद्यावर सेव्ह होत असल्याचं दिसतंय तोवर कुणीही यंत्र बंद करू नका.