लॉबीत टांगायचं मोबाईल शिल्प: आधी हवा बघा, मग पेन्सिल उचला

मी मोबाईल बनवतो असं सांगितलं की नाशकात समोरचा माणूस पहिल्यांदा स्क्रीन गार्डचा भाव विचारतो. म्हणून आता सरळ सांगतो, बाळाच्या पाळण्यावर चिमणाळं टांगतात ना, तेच, फक्त तीन मजली लॉबीत शोभेल एवढं मोठं. शिल्पाच्या बाबतीत मोबाईल हा शब्द फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँने १९३१ मध्ये अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरच्या हलत्या कामांना दिला. हा काल्डर शिकलेला मेकॅनिकल इंजिनिअर, आणि १९५५ मध्ये तो अहमदाबादला उद्योगपती साराभाई कुटुंबाकडे राहून काम करून गेलाय, म्हणजे आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर. तर हॉटेल, हॉस्पिटल, कॉलेज, कंपनीचं ऑफिस अशा ठिकाणी कोणी असं काम सांगितलं तर कुठून सुरुवात करायची ते लिहितोय. बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात, आधी छान चित्र काढतात, क्लायंटला दाखवतात, तो खूश होतो आणि मग कळतं की त्या जागेत हवाच नाही.

म्हणून पहिल्या भेटीत स्केचबुक गाडीतच ठेवा. जुन्या कॅसेटची टेप घरात कुठेतरी पडलेली असेलच, तिचे हातभर लांब तुकडे करून रंगारी वापरतात त्या लांब दांड्याच्या टोकाला बांधा आणि दांडा वर धरून लॉबीभर फिरा, लोक बघतील, बघू द्या. टेप इतकी हलकी असते की माणूस शेजारून गेला तरी हलते. सकाळी एकदा, दुपारी चारला एकदा, एसी चालू असताना, बंद असताना, मेन दरवाजा उघडा ठेवून, असं सगळं करून टेप कुठे कुठल्या दिशेला झुकते ते प्लॅनवर बाणांनी काढून ठेवा. पश्चिमेला मोठी काच असेल तर दुपारी काचेजवळची हवा तापून वर चढते आणि टेप चक्क वरच्या बाजूला उचलली जाते, एप्रिल-मेमध्ये तर बघायलाच नको. मी आधी हे अगरबत्तीने करायचो, धूर छान दिसतो म्हणून, पण एका ठिकाणी स्मोक डिटेक्टर वाजला आणि दोन मजले रिकामे झाले, तेव्हापासून कॅसेट.

आपल्याला हवी असते मंद, अधूनमधून येणारी झुळूक. एसीच्या डक्टचा झोत थेट अंगावर येत असेल तर शिल्प सारखं एकाच दिशेला गरगरतं, दोऱ्यांना पीळ पडतो आणि आठ दिवसांत गुंता. तसं असेल तर जागा सरकवा, किंवा एसीवाल्याला जाळीची पाती वळवायला सांगा, पाच मिनिटांचं काम असतं पण सांगावं लागतं.

आता छत. हे कंटाळवाणं आहे पण हौसेखातर इथे ढिलाई नको, खाली माणसं बसलेली असतात. पीओपी किंवा जिप्समच्या फॉल्स सिलिंगला काहीही टांगायचं नाही, त्याच्या जीआय चॅनेललाही, म्हणजे पत्र्याच्या पट्ट्यांनाही, नाही, "अहो दोनच किलो आहे" हे ऐकायचंच नाही. सिलिंगला भोक पाडून वरच्या आरसीसी स्लॅबपर्यंत किंवा बीमपर्यंत जायचं. स्लॅब पोस्ट टेन्शन्ड आहे का ते आधी विचारा, कारण त्यात ताणलेल्या केबल असतात आणि ड्रिल केबलवर गेलं तर मोबाईल राहिला बाजूला, इमारतीचंच काम निघतं. पत्र्याच्या शेडला, म्हणजे अंबड-सातपूरच्या कंपन्यांत असतं तसं, ट्रसच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या, जोडावर क्लॅम्प बसवा, दोन जोडांच्या मधे किंवा पर्लिनवर, म्हणजे पत्रा ज्या आडव्या पट्ट्यांवर बसतो त्यांवर, नको. आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं सहीचं पत्र घ्या, त्याची फी क्लायंटच्या कोटेशनमध्ये वेगळी दाखवा, घासाघीस झाली तरी तो आकडा हलवू नका. अँकर, म्हणजे ज्याला शिल्प टांगायचं तो छतातला बोल्ट, बसला की चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) आणि वजनकाटा लावून, किती ओढायचं ते इंजिनिअरकडून लिहून घेऊन, सगळ्यांसमोर ओढून बघायचा.

एवढं झाल्यावर डिझाइन. नाशकात क्लायंट दोनच गोष्टी सुचवतात, द्राक्षाचा घड नाहीतर कलश. घडाला माझा ठाम नकार असतो, कारण घड म्हणजे सगळं एका जागी गोळा झालेलं, त्याला हात पसरायला जागाच नाही, टांगल्यावर झुंबर दिसतं. त्यापेक्षा द्राक्षाची पानं घ्या, वेलीचे ताणे घ्या. नाहीतर पक्षी घ्या, नांदूर मधमेश्वर निफाड तालुक्यातच आहे, २०२० मध्ये रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेली महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा, हिवाळ्यात पहाटे तिथे जाऊन बसलात तर थवा वळताना एकेक पक्षी वेगळा कसा दिसतो ते कळतं आणि मोबाईलमध्ये तेच पाहिजे असतं.

पत्रा निवडताना वजनाचा हिशोब तोंडपाठ पाहिजे. २ मिमी ॲल्युमिनियम चौरस मीटरला ५.४ किलो भरतं, तेवढ्याच जाडीचं लोखंड १५.७, तांबं १८ च्या आसपास. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीतला काल्डरचा मोठा मोबाईल आधी स्टीलमध्ये करायचा होता, तो इतका जड झाला असता की हवेने हललाच नसता, शेवटी आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळ जाळी असलेल्या ॲल्युमिनियमच्या पानांत केला आणि १९७७ मध्ये टांगला, ४१७ किलोच्या आसपास भरतो आणि नुसत्या खोलीतल्या हवेवर फिरतो. म्हणजे जड दिसू दे, असू देऊ नका. अंबडला लेझर कटिंगवाले ड्रॉइंगची फाइल दिली की पानं कापून देतात, कडा मात्र स्वतः कानशीने मारून गोल करा, आणि तांबं हवं असेल तर जुन्या नाशकात तांबट लेन आहेच, ठोक्याचं तांबं उन्हात जे चमकतं ते मशिनला जमत नाही. फक्त तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटू देऊ नका, दमट हवेत ॲल्युमिनियम खाल्लं जातं, मधे नायलॉनचा वॉशर घाला.

तोल साधणं म्हणजे तराजूच, फक्त दांडी मधोमध टांगलेली नाही. सगळ्यात खालच्या दांडीपासून सुरू करायचं, वर चढत जायचं. समजा ६० सेंमीची दांडी आहे, एका टोकाला ४०० ग्रॅमचं पान, दुसऱ्याला २०० ग्रॅमचं. वजन गुणिले अंतर दोन्हीकडे सारखं पाहिजे, म्हणजे जड पानापासून २० सेंमीवर टांगायचं, ४०० गुणिले २० आणि २०० गुणिले ४०, दोन्ही ८०००. वहीत बरोबर, पण टांगलं की हलकी बाजू खाली जाते, कारण दांडीचं वजन धरलंच नाही. ४ मिमी सळईची ६० सेंमी दांडी स्वतःच ६० ग्रॅमच्या आसपास भरते आणि तिचा मोठा भाग हलक्या बाजूला असतो, ते धरलं की टांगायची जागा २०.९ सेंमीवर येते. जवळजवळ एक सेंमीचा फरक. मग ही अख्खी खालची जोडी, ६६० ग्रॅम अधिक हुक आणि दोरी, वरच्या दांडीच्या एका टोकाला एक वजन म्हणून धरायची आणि तोच हिशोब पुन्हा. मी हिशोब फक्त जवळपास जायला वापरतो, शेवटची जागा दांडी स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्यावर आडवी ठेवून सरकवत सरकवत मार्करने खूण करूनच ठरते. आणि दांडी सरळ ठेवू नका, धनुष्यासारखी थोडी वाकवा, म्हणजे टांगायचा बिंदू दोन्ही टोकांच्या वर येतो. बिंदू खाली राहिला तर दांडी उलटायला बघते, तासभर डोकं खाजवलं तरी कळत नाही काय चुकतंय.

रंगाचं आधी सांगायला हवं होतं, माझ्या सगळ्यात मोठ्या फजितीचं कारण तेच. पावडर कोटिंग दोन्ही बाजूंनी मिळून चौरस मीटरला २०० ग्रॅमच्या आसपास वजन वाढवतं. एका कामात एका बाजूला तांब्याचं एकच मोठं पान होतं, बिनरंगाचं, आणि समोर ॲल्युमिनियमची सहा पानं. तोल वर्कशॉपमध्ये एकदम झकास जमला, मग मी शहाण्याने पानं काढून कोटिंगला पाठवली आणि परस्पर साइटवर मागवली. वर चढवल्यावर ॲल्युमिनियमची बाजू लोंबकळली, खाली क्लायंट फुलांचा गुच्छ घेऊन उभा. सगळं उतरवून दुसऱ्या दिवशी पुन्हा. तर रंग आधी, तोल नंतर, कायम.

दोरी स्टेनलेस स्टीलचीच, आणि तिचा ब्रेकिंग लोड, म्हणजे ज्या वजनाला ती तुटते ते, एकूण वजनाच्या निदान दहापट. १८ किलोचं शिल्प असेल तर १८० किलोच्या खालची दोरी हातात घ्यायची नाही. टोकाला फासा करताना आत थिंबल (खोबणीची धातूची कडी) घाला, म्हणजे दोरी मोडत नाही, आणि फेरूल, म्हणजे दोरी पकडणारी धातूची नळी, पक्कडीने नाही तर क्रिम्पिंग टूलनेच दाबा. फेरूलऐवजी क्लिप वापरणार असाल तर तिचा यू-बोल्ट नेहमी सुट्या टोकाच्या बाजूला आणि सॅडल, म्हणजे खालचा खाचेचा तुकडा, वजन घेणाऱ्या दोरीवर, हे उलटं बसवलेलं मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता वर बघायचीच भीती वाटते. फिरण्यासाठी स्विव्हल, म्हणजे दोरीला पीळ न देता फिरणारा जोड, पाहिजे, छोट्या दांड्यांना मासेमारीच्या गळाचं बॉल बेअरिंगवालं चालतं, सगळ्यात वर मात्र लोड रेटिंग छापलेलंच, तेही गरजेपेक्षा मोठं. सेफ्टीची दुसरी दोरी दुसऱ्या अँकरवरून घ्या पण स्विव्हलच्या वरच्या डोळ्यापर्यंतच, खाली नेली तर फिरताना ती पिळत जाते. आणि सगळे हुक दाबून बंद करा, उघडा एस हुक वाऱ्याच्या एका झटक्याने निसटतो.

शिल्पाचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून निदान तीन मीटर वर ठेवा, कारण उंच माणूस खांद्यावर पोरगं घेऊन हात वर करणारच. सगळ्यात लांब हात फिरेल तेवढं वर्तुळ खडू आणि सुतळीने जमिनीवर काढा, मग वर बघा, त्या वर्तुळात स्प्रिंकलर, डिटेक्टर, कॅमेरा, झेंड्याची काठी काही येतंय का. उघड्यावर, चौकात वगैरे टांगायची ऑफर आली तर मी नाहीच म्हणतो, वळवाच्या वाऱ्यात प्रत्येक पान शीड होतं.

चढवायच्या दिवशी लोक चुकतात ते क्रमात. बनवताना खालून वर, चढवताना वरून खाली. आधी सगळ्यात वरची दांडी दोरीने छातीएवढी उचला, तिची दोन्ही टोकं सुतळीने ओढून दोन माणसांच्या हातात द्या कारण एका बाजूला वजन लागलं की दुसरी बाजू सण्णकन वर येते, मग दुसरी दांडी जोडा, अजून थोडं उचला, तिसरी जोडा. सीझर लिफ्ट मिळाली तर उत्तम, नाहीतर पहाड (परांची), पण वर चढणाऱ्याने बेल्ट बांधलेलाच पाहिजे आणि खाली दोरी लावून जागा बंद. सुतळ्या एकदम सोडू नका, एकेक करून सोडा आणि गप्प उभे राहा, पाचेक मिनिटं ते स्वतःच आपली जागा शोधतं.

नंतर सहा महिन्यांनी एकदा खाली उतरवून पुसायचं, स्विव्हल हाताने फिरवून बघायचं, जाड ग्रीस लावायचं नाही, धूळ बसते. वरून कुठून कबुतर आत येत असेल तर आधी जाळी, नाहीतर ते रोज त्याच पानावर बसतं आणि तुमचा सगळा हिशोब त्याच्या मर्जीवर चालतो. पैसे घेऊन निघताना कुठली दांडी कुठे जोडली त्याचं हाताने काढलेलं चित्र, एक जादा स्विव्हल, दोन फेरूल आणि थोडी दोरी एका पाकिटात घालून मेंटेनन्सवाल्या दादांच्या कपाटात ठेवा, आणि पाकिटावर जाड अक्षरात लिहा, पंख्याचं सामान नाही, फेकू नये.