घरची जाहिरात एजन्सी चालवायची असेल तर आधी पैसा कोणाचा ते ओळखा

आमची एजन्सी बाबांनी 1981 मध्ये नागपुरात सीताबर्डीला सुरू केली, नंतर काका आले, मग दादा, मग मी, आता दादाची मुलगी बसते. गेल्या वर्षभरात तीन-चार पोट्टे येऊन विचारून गेले की घरची एजन्सी आहे, सांभाळायची आहे, काय पाहू, कुठून सुरू करू. प्रत्येकाला तेच सांगून राहिलो म्हणून एकदाचं लिहून काढतो. डिझाइन, कॉपी, रील हे तुम्हाला माझ्याहून चांगलं जमतं, ते मी काय सांगू. मला पैशाचं सांगायचं आहे, आणि पैशामुळे घरात जे होतं त्याचं.

पहिल्यांदा हे समजून घ्या. पेपरमध्ये 100 रुपयांची जाहिरात गेली तर एजन्सीचं कमिशन 15 रुपये, बाकीचे 85 पेपरचे. पण चेक येतो 100 चा, तुमच्या नावाने येतो, तुमच्या खात्यात पडतो आणि दिवाळीच्या महिन्यात खात्यात एवढा पैसा दिसतो की माणसाला वाटतं आपण मोठे झालो. त्यातून गाडी घेतली जाते, घरात लग्न असलं की हॉल बुक होतो आणि पेपरचं बिल आलं की धावाधाव. बाबांनी सुरुवातीपासून दोन वह्या ठेवल्या होत्या, एक लाल आणि एक निळी, लाल म्हणजे पेपरचा पैसा, निळी म्हणजे आपला. काका हसायचे, म्हणायचे एकच तर बँक आहे, वह्या दोन काऊन? आज आमची खातीच दोन आहेत. क्लायंटचा चेक एका खात्यात पडतो, तिथून पेपरचे पैसे जातात आणि कमिशन उरलं तेवढंच दुसऱ्या खात्यात वळवतो, पगार, भाडं, घरखर्च फक्त त्या दुसऱ्यातून. तुम्ही बाकी काही नाही केलं तरी एवढं उद्याच्या उद्या करा.

वह्या असूनही आम्ही फसलो, तेही सांगतो. 1996 च्या दिवाळीत एका बिल्डरच्या जाहिराती सोडल्या, सलग, तीन पेपरमध्ये, तोंडी शब्दावर. ओळखीचा माणूस, घरी येणं-जाणं, दरवर्षी फराळाचा डबा पाठवायचा. जानेवारीत त्याची स्कीम अडकली आणि फोन उचलणं बंद. आता इथे नव्या लोकांना कळत नाही की मान्यताप्राप्त एजन्सी, म्हणजे पेपरवाल्यांच्या संघटनेची मान्यता असलेली, असली की पेपर तुम्हाला उधारी देतो, क्लायंटला नाही. क्लायंटने दिले नाहीत म्हणून पेपर थांबत नाही, तुमची उधारी बंद होते आणि एकाने बंद केली की बाकीच्यांना कळायला वेळ लागत नाही. बेसाकडचा प्लॉट होता आमचा, आईच्या नावाने घेतलेला, तो विकून पेपरचे पैसे भरले. आई एक शब्द बोलली नाही, पण त्या रस्त्याने जायचं तिने बरीच वर्षं टाळलं.

तेव्हापासून आमच्याकडे हे गणित टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवलं आहे: 2 लाखांची जाहिरात बुडाली तर खिशातून 1 लाख 70 हजार जातात. तेवढे 15 टक्क्यांनी परत कमवायला 11 लाख 33 हजारांच्या जाहिराती कराव्या लागतात. आणि 15 पूर्ण हातात राहतात कुठे, क्लायंट त्यातले 5 सूट म्हणून मागतोच, मग 10 टक्क्यांनी धरलं तर 17 लाखांचं काम फुकट. म्हणून नवीन क्लायंट असेल तर पहिल्या तीन जाहिराती अॅडव्हान्सवर, मग तो कोणाचाही मेहुणा असो. जुन्या क्लायंटलाही मर्यादा असते, आमच्याकडे एका क्लायंटकडची बाकी आमच्या दोन महिन्यांच्या कमिशनच्या वर गेली की पुढची रिलीज ऑर्डर, म्हणजे पेपरला जाहिरात छापायला सांगणारा कागद, निघत नाही, आणि ती अडवायचा अधिकार अकाउंट पाहणाऱ्या बाईंचा आहे, घरच्या कोणाचा नाही. घरचा माणूस ओळखीपुढे पाघळतो, मी स्वतः पाघळलो आहे.

कागदाचं थोडक्यात. साइज, पान, तारीख, रेट हे सगळं लिहून क्लायंटचा होकार घ्या, व्हॉट्सअॅपवर घेतला तरी चालेल पण लेखी. बिलाला व्हाउचर कॉपी जोडा, म्हणजे छापलेलं पान. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या आणि तो नंबर बिलावर छापा, कारण 2006 च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं. एप्रिल 2024 पासून तर अशी मुदतीत न दिलेली रक्कम समोरच्याला त्या वर्षीच्या आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षीच दाखवता येते. हे त्याच्या सीएला एकदा सांगा, मार्चमध्ये चेक आपोआप निघतात. जीएसटीचंही लक्षात ठेवा, बिल फाडलं की क्लायंटने पैसे दिले असोत-नसोत, टॅक्स तुम्हाला भरावाच लागतो. उधारी दिली की टॅक्सही तुमच्याच खिशातून.

आता प्रूफबद्दल, म्हणजे छापण्याआधी तपासायच्या नमुन्याबद्दल, कारण यात मला अजूनही झोंबतं. बऱ्याच वर्षांआधी एका तेरवीच्या जाहिरातीत स्थळ मानेवाडा होतं, आम्ही मानकापूर छापलं. मानेवाडा दक्षिणेला, मानकापूर उत्तरेला, अख्खं नागपूर मध्ये. लोक दुपारच्या उन्हात मानकापूरला हॉल शोधत फिरले. दुसऱ्या दिवशी वारलेल्या माणसाची मुलगी ऑफिसात आली, पेपर टेबलावर ठेवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाबांचे मित्र वापस गेले हो." काका उभेच राहिले. पैसे घेतले नाहीत आम्ही, माफीची जाहिरात छापली, पण तेरवी काही परत होत नाही न.

प्रूफ मी तपासलं होतं. एकट्याने, डोळ्याने, रात्री साडेनऊला. म्हणून आता एकटं कोणी प्रूफ पाहत नाही. एकाने क्लायंटच्या हातचा कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर बोट फिरवायचं. फोन नंबर वाचायचा नाही, लावून पाहायचा. वार आणि तारीख कॅलेंडरला लावून पाहायची, रविवार लिहिलं आहे आणि तारीख सोमवारची आहे असं दर महिन्यात एकदा तरी सापडतं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला असेल तर रफार आणि "ऱ्या" वेगळे तपासा, तिथेच मोडतं. मजकूर जेवढा लहान तेवढं जास्त लक्ष द्या. फुल पेजला दहा लोक पाहतात, तेरवीच्या चौकटीला कोणी पाहत नाही, आणि त्या घरासाठी ती वर्षातली एकच जाहिरात असते.

काम मिळवायचं म्हणाल तर नागपूरचं वर्ष पाठ करा. कूलरवाला एप्रिलमध्ये पारा चढल्यावर तुमच्याकडे पळत येतो, तेव्हा चांगली जागा गेलेली असते, त्याला तुम्ही जानेवारीत गाठा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक आली की महाल-इतवारीच्या दुकानदारांशी दिवाळीचं बोलून ठेवा, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर बाहेरगावचे लाखो लोक येतात त्याची तयारी महिनाभर आधी, डिसेंबरच्या विधिमंडळ अधिवेशनात स्वागताच्या जाहिराती भरपूर मिळतात, पण त्या रोख घेऊनच करा, अधिवेशन संपलं की कार्यकर्ता सापडत नाही. रेडिओ सोडू नका. विविध भारतीवर 1967 मध्ये जाहिराती सुरू झाल्या तेव्हा पहिल्या केंद्रांमध्ये मुंबई-पुण्याबरोबर नागपूर होतं, इथल्या दुकानदाराच्या कानाला जिंगलची सवय जुनी आहे.

घराचं आता. बाबा आणि काका सख्खे भाऊ, एका ताटात जेवलेले, आणि तरी दोन वर्षं एकमेकांशी फक्त अकाउंटंटमार्फत बोलत होते. भांडण पैशाचं दिसत होतं, पण खरं कारण हे की कोणाचा पगारच ठरलेला नव्हता. ज्याला लागेल तो गल्ल्यातून न्यायचा आणि दुसऱ्याच्या घरी नवा फ्रिज आला की हिशोब डोक्यात चालू व्हायचा. म्हणून घरचा माणूस असला तरी पगार ठरवा, एक तारखेला खात्यात टाका, नफ्याची वाटणी वर्षातून एकदाच. भागीदारीचा करार लेखी करा, आणि त्यात कोणी बाहेर पडला तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरेल हे सगळे खूश असतानाच लिहून टाका. जेवताना धंदा बोलायचा नाही हा नियम आमच्याकडे आईने लावला, आणि तो तिने बाबांनाही लावला. पुढच्या पिढीला आधी दोन वर्षं दुसरीकडे नोकरी करू द्या, दादाची मुलगी पुण्याच्या एका एजन्सीत राहून आली, तिला शिव्या खाऊन काम कसं होतं ते माहीत आहे, मला कधी कळलंच नाही, मी सरळ मालकाच्या खुर्चीत बसलो होतो.

तिनेच आल्या आल्या पकडलं की डिजिटलमध्ये आम्ही तोच जुना खड्डा खणून राहिलो होतो. फेसबुक-गुगलचा खर्च आमच्या कार्डवर, बिल क्लायंटला महिन्याच्या शेवटी. म्हणजे पेपरच्या जागी फेसबुक आलं, 85 रुपये पुन्हा दुसऱ्याचे आणि धोका आमचा. आता अॅड अकाउंट क्लायंटच्या नावाने, कार्ड त्याचं, आम्हाला फक्त चालवायचा अॅक्सेस आणि आमची फी वेगळी. काही क्लायंट कुरकुरले, एक गेलाही, त्याला आम्ही जाऊ दिलं.

आणि दर मार्चमध्ये एक काम स्वतः करा, पोराला पाठवू नका. बाकीची यादी काढा, प्रत्येकाकडे जा आणि एवढी रक्कम देणं आहे या कागदावर तारखेसह सही घ्या. उधारीची मुदत कायद्याने 3 वर्षांची असते, मुदत संपायच्या आत अशी लेखी कबुली मिळाली तर 3 वर्षं तिथून नव्याने सुरू होतात. त्या बिल्डरकडून आम्ही ही सही घेतली नव्हती. चौथ्या वर्षी वकिलाकडे गेलो तेव्हा त्याने फाइल पाहिली, तारखा मोजल्या आणि वापस दिली.