तालमीच्या टीममध्ये शिरायचं कसं (खेळता येत नसलं तरी)

कोल्हापुरात नवीन आलेली पोरं हमखास विचारतात, भावा तालमीच्या फुटबॉल टीमचा फॉर्म कुठं मिळतो. फॉर्म बिर्म काय नसतो. मी 2018 ला गारगोटीहून कॉलेजसाठी आलो, शिवाजी पेठेत रूम घेतली आणि हेच विचारत एका तालमीच्या कट्ट्यावर गेलो, तर तिथं बसलेल्या काकांनी वर न बघता विचारलं, "कुणाचा रं तू?" मी वडलांचं नाव सांगितलं, त्यांना काय कळणार डोंबल. "उद्या ये" म्हणाले. असं चार वेळा झालं.

आधी हे समजून घ्या की इथं पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं टीमची असली तरी मुळात त्या पेठेतल्या तालमी आहेत. खाली आखाडा, गणपती, शिवजयंती, वर्गणी, कुणाच्या घरचं मयत असलं तरी तीच पोरं पुढं, आणि त्यातनंच टीम उभी राहते. त्यामुळं बॉल कसा मारतोस हे नंतर, आधी कामाला येतोस का ते बघतात. मला हे कळलं 2019 च्या महापुरात. पंचगंगेचं पाणी शहरात घुसलं, कॉलेज बंद, गावाकडं जायचे रस्ते बंद, मग बसून काय करायचं म्हणून त्याच तालमीत जेवणाची पाकिटं बांधायला गेलो. पाच-सहा दिवस भात भरला असेल. पाणी उतरल्यावर त्याच काकांनी हाक मारली, ती पण नावानं.

खेळाडू म्हणून माझी लायकी दोन प्रॅक्टिसमध्येच कळली, ते जाऊ द्या. पण टीमला अकराच माणसं लागत नाहीत. पाणी, बर्फ, किटची पिशवी, बॉलात हवा, प्रॅक्टिसच्या मैदानावर फक्कीनं लाइनी मारणं, हे कुणालाच करायचं नसतं म्हणून तिथं जागा कायम रिकामी. सकाळी सहाला गांधी मैदानावर हजर राहा (पावसाळ्यात नको, तिथं तळं असतंय), न विचारता कामाला हात लावा, पंधरा दिवसांत तुम्हाला चहा विचारतील.

सगळ्यात जास्त गरज मात्र कागदपत्रं सांभाळणाऱ्याची. कोल्हापूरचा फुटबॉल केएसए चालवते, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, सामने शाहू स्टेडियमवर, हंगाम साधारण दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाच्या तोंडावर संपतो. त्याआधी खेळाडूंची नोंदणी, आणि ती आता अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसवर, म्हणजे खेळाडू नोंदणीच्या सिस्टीमवर, ऑनलाइन असते, फोटो, आधार, जन्मदाखला सगळं अपलोड करायचं. एका क्लबला नोंद झाली की ट्रान्सफर घेतल्याशिवाय दुसरीकडं खेळता येत नाही. जुन्या माणसांना मैदान तोंडपाठ असतं पण पासवर्ड म्हटलं की घाम फुटतो. तुम्हाला लॅपटॉप येत असला तर समजा तुमचं काम झालं. मी पहिल्याच वर्षी एकाच्या आधारवरची जन्मतारीख आणि दाखल्यावरची जुळवून बघितली नाही, पोरगं तीन सामने बाहेर बसलं, त्याच्या आईनं मला भाजी मंडईत गाठून झापलं. तेव्हापासून आधी स्पेलिंग आणि तारखा, मग बाकीचं.

रेफरी हा पण एक रस्ता आहे, कमी लोक तिकडं जातात. खेळाचे 17 नियम नीट वाचा, लेखी परीक्षा असते, पळायची टेस्ट असते. शिव्या खायची तयारी ठेवा, पेठेपेठेच्या सामन्याला गॅलरीतनं काय काय ऐकू येतं ते इथं लिहिता येणार नाही. आणि रेफरी व्हायचं असेल तर कट्ट्यावर कुठल्या एका तालमीचे म्हणून बसू नका.

मुलींना हा कट्ट्याचा रस्ता अजून तरी सोपा नाही, खरं तेच सांगतो. त्यांनी शाळेच्या किंवा अकॅडमीच्या टीममधनं सुरुवात केलेली बरी.

वर्गणी मागितली तर जमेल तेवढी द्या, घासाघीस नको. दोन तालमींत पाय ठेवू नका, पेठ लहान आहे, संध्याकाळपर्यंत कळतंय. आणि पहिल्या सामन्याला जाताना समोरच्या टीमचा रंग कुठला ते विचारून घ्या. मी नेमका तोच शर्ट घालून आमच्या बाकड्यावर बसलेलो, अजून ऐकून घेतोय.