सोलापूरच्या गर्दीच्या खानावळीत जेवायला बसताना

सोलापुरात पेठेतल्या किंवा वेशीजवळच्या नावाजलेल्या खानावळीत आठ-दहा टेबले, भिंतीवर खडूने लिहिलेला भावफलक, गल्ल्यावर स्वतः मालक आणि आतल्या बाजूला भाकऱ्या थापणाऱ्या दोन-तीन बायका, एवढाच पसारा बहुधा असतो. मेनूकार्ड चाळत निवांत बसण्याची सोय तेथे नसते आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. मात्र चुलीवरचे काम कोणत्या क्रमाने चालते हे एकदा ध्यानात आले, की त्याच गर्दीत अगदी ऊन ऊन आणि पोटभर जेवण मिळते.

पहिला प्रश्न वेळेचा. मटणाच्या खानावळीत सकाळी एकदाच पातेले चढते. त्यातले सुक्के, खिमा, कलेजी जसजसे संपत जाते तसतसे फलकावरचे नाव पुसले जाते. दुपारी अडीचनंतर गेल्यास जागा सहज मिळते, पण तोवर बहुधा रस्सा आणि भात एवढेच उरलेले असते. म्हणून साडेबाराच्या आत पोहोचणे केव्हाही चांगले. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा तर भर दुपारी रांगेत ताटकळण्यापेक्षा लवकर जेवून मोकळे व्हावे. रविवार, बुधवार आणि शुक्रवार हे सामिष जेवणाचे दिवस असल्याने त्या दिवशी गर्दी धरूनच चालावी. आषाढ संपत आला की ही गर्दी शिगेला पोहोचते आणि श्रावण लागताच ओसरते. जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते, तेव्हा गावाबाहेरच्या माणसांनी शहर भरून जाते. गुरुवारी अक्कलकोटला आणि मंगळवारी, शुक्रवारी किंवा पौर्णिमेला तुळजापूरला निघालेले भाविक स्टेशन व एसटी स्थानकाच्या परिसरात जेवायला उतरतात. त्यामुळे त्या दिवशी तिथल्या शाकाहारी खानावळींत जागा मिळणे कठीण होते.

आत शिरल्यावर रिकामी खुर्ची शोधत टेबलांमधून फिरू नये. सरळ गल्ल्याशी जाऊन आपण किती जण आहोत ते मालकांना सांगावे आणि बाजूला उभे राहावे. क्रम त्यांच्या डोक्यात पक्का असतो. जेवणाऱ्याच्या पाठीशी उभे राहून त्याच्या ताटाकडे पाहत राहणे हा मात्र मला अक्षम्य प्रकार वाटतो. एकटा-दुकटा माणूस चौघांच्या टेबलावर बसला, तर समोर अनोळखी माणूस येऊन बसणार, हे गृहीत धरावे. आपणच नंतर आलो असलो, तर ‘बसू का काका?’ एवढे विचारणे पुरते.

वाढपी पाण्याचा जग ठेवायला येतो, तेवढ्याच वेळात सगळी मागणी एका दमात सांगावी: ‘अण्णा, दोन मटण थाळ्या, एक खिमा, दोन ज्वारीच्या, एक बाजरीची, रस्सा जरा कमी तिखट.’ एक पदार्थ आता, दुसरा थोड्या वेळाने, असे केल्यास प्रत्येक वेळी तो माणूस पुन्हा आपल्याकडे फिरकेपर्यंत थांबावे लागते. थाळीत काय काय येते, रस्सा किती वेळा वाढतात आणि जादा भाकरीचे पैसे वेगळे पडतात का, हे नवख्याने आधीच विचारून घ्यावे; हा हिशेब खानावळीगणिक बदलतो. लहान मूल सोबत असेल तर अळणी रस्सा आधी मागावा. तो मसाला पडण्यापूर्वीच बाजूला काढलेला असतो आणि थोडाच असतो.

खरी मेख भाकरीत आहे. ज्वारीत गव्हासारखे पीठ बांधून ठेवणारे ग्लुटेन नसते, त्यामुळे कणकेसारखा गोळा सकाळी मळून ठेवता येत नाही. पिठात कढत पाणी घालून एका वेळी एक-दोन भाकऱ्यांपुरतेच पीठ तळहाताच्या टाचेने रगडले जाते, परातीत कोरडे पीठ भुरभुरून भाकरी थापली जाते, तव्यावर टाकताच वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरतो, ते पाणी सुकायच्या आत ती उलटली जाते आणि शेवटी जाळावर धरल्यावर टम्म फुगते. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापतानाच कडा चिरतात. म्हणून भाकरीची कड पाहिली, की त्या खानावळीचे पीठ ताजे आहे की नाही ते कळते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि ती ज्वारी पिकवणारे शिवार याच जिल्ह्यात असताना सोलापुरात येऊन चपाती मागवावी, हे निदान मला तरी पटत नाही. एकेक भाकरी अशी हातावर होत असल्याने, ताटातली निम्मी संपली की पुढची सांगावी. पूर्ण संपल्यावर सांगितल्यास रस्सा निवतो. उलट चार भाकऱ्या एकदम मागवून ठेवल्या, तर शेवटची वातड होते.

कडक भाकरीचे गणित वेगळे आहे. ती पातळ थापून, भाजून पूर्ण वाळवलेली असल्यामुळे लगेच मिळते. तिचे तुकडे करून न खाता ती ताटात कुस्करावी, वर रस्सा ओतावा आणि मिनिटभर मुरू द्यावा. तर्री, म्हणजे वर तरंगणारे लाल तेल, हवी असल्यास रस्सा वाढतानाच सांगावे, कारण ती पातेल्यात वरच असते आणि पळी खोल गेली की हाती येत नाही. तिखट लागल्यावर गटागटा पाणी पिण्याचा उपयोग होत नाही. मिरचीतला तिखट घटक पाण्यात फारसा विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळतो. दही मागवावे, आणि नुसत्या भाताचे दोन घास घ्यावेत.

शाकाहारी मंडळींनी हिरमुसण्याचे कारण नाही. लिंगायत पद्धतीच्या खानावळींतली भरली वांगी, मटकीची उसळ आणि उखळात कुटून तेल सुटलेली शेंगाचटणी हे जेवण स्वतंत्रपणे जाऊन जेवण्याच्या योग्यतेचे आहे. चटणीवर दही घ्यावे; तेलही चालते. मटणाच्या खानावळीत मात्र शाकाहारी पदार्थ नाइलाज म्हणून ठेवलेला असतो, हे चवीवरून लगेच कळते.

हात धुतल्यावर टेबलावर गप्पा मारत बसू नये. बाहेर माणसे उभी असतात. पैसे गल्ल्यावर द्यावेत, आणि किती भाकऱ्या झाल्या ते मालक विचारतील तेव्हा आकडा आपल्याला ठाऊक असावा. बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली स्पष्ट केले आहे. छोट्या खानावळींत तो प्रश्न सहसा येत नाही. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या छोट्या खानावळीला ग्राहकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही, एवढे लक्षात ठेवावे. वाढप्याच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवणे ऐच्छिक आहे.

घरी रस्सा न्यायचा असल्यास स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा सोबत आणावा. कढत, तेलकट रस्सा पातळ पिशवीत बांधून नेणे आरोग्याला बरे नव्हे, आणि गाडीच्या डिकीलाही नव्हे. डबा गर्दी चढण्यापूर्वीच गल्ल्यावर देऊन ठेवावा. सोबत ताज्या भाकरीऐवजी कडक भाकरी घ्यावी. कोरड्या डब्यात ती कित्येक दिवस टिकते.