गच्चीची किल्ली कुणाकडे?

आज घरी गेलात की आधी एवढंच विचारा, गच्चीच्या दाराची किल्ली कुणाकडे असते? उत्तर पटकन मिळालं नाही, तर आगीपासून बचावाची तयारी तिथूनच सुरू करा.

सांगलीच्या शामरावनगरातली आमची इमारत पार्किंगवर चार मजल्यांची, 16 बिऱ्हाडांची. 2019 च्या महापुरात पार्किंगमध्ये पाणी चढलं आणि मीटरची पेटी बुडाली. पूर ओसरल्यावर मीटर बदलले, पण आतले जुने जोड तसेच राहिले. गंजलेला जोड ढिला होतो आणि ढिला जोड तापतो. दोन उन्हाळ्यांपूर्वी, घरोघरी कूलर आणि एसी चालू असताना, रात्री सव्वादोनला तो पेटला. आग पेटीपुरतीच होती. पण पेटी जिन्याखाली, आणि धुराला जिन्यासारखं धुरांडं दुसरं नाही. चौथ्या मजल्यावर मी दार उघडलं तर समोरच्या घराचं दारही दिसेना. गच्चीला कुलूप, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते गावी गेलेले. शेजारच्या वहिनी लेकराला कडेवर घेऊन जिन्याकडे निघाल्या होत्या. त्यांना हाताला धरून आमच्या घरात घेतलं, दार लावलं, टॉवेल ओला करून खालच्या फटीत कोंबला आणि सगळे बाल्कनीत जाऊन उभे राहिलो. मोबाइलचे दिवे हलवत राहिलो, अग्निशमनचे जवान वर येईपर्यंत. सकाळी तो टॉवेल उचलला. दाराबाहेरची कड काजळीनं काळी कुळकुळीत, आतली पांढरी.

म्हणून माझ्या यादीत जिना सगळ्यात वर आहे. आगीत माणसं भाजण्याआधी धुरानं गुदमरतात. चपलांचं कपाट, लेकरांच्या सायकली, जुन्या गाद्या, गणपतीच्या आराशीचं थर्माकोल, एकही वस्तू जिन्यात नको. अंधारात पाय अडकतो हे आहेच, पण गादीतला फोम पेटला तर त्याचा धूर विषारी असतो. शेजाऱ्याला वाईट वाटेल म्हणून आपण बोलत नाही. एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून जिना रिकामा करा, म्हणजे एकट्याला कुणाला बोल लागत नाही. गच्चीला चोरांची भीती असेल तर आतून कडी घाला. कुलूपच हवं असेल तर प्रत्येक घरात एक किल्ली द्या. आम्ही 16 करून घेतल्या.

मीटरच्या पेटीला गाडी टेकवू नका. दर उन्हाळ्याच्या आधी परवानाधारक वायरमनकडून जोड तपासून घ्या. करपल्याचा वास आला, दिवे लुकलुकले, तर थांबू नका, महावितरणचा 1912 लावा. पेटी पेटली तर तिच्यावर पाणी मारायचं नाही. बॅटरीची स्कूटर जिन्याच्या तोंडाशी, रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये.

आता घरात या. खिडक्यांना आपण चोरांसाठी लोखंडी ग्रील बसवतो आणि स्वतःचीच वाट बंद करतो. निदान एका ग्रीलला उघडणारी झडप करून घ्या. किल्ली अशा खिळ्याला टांगा की घरातल्या लेकराचा हात पोचेल, बाहेरच्याचा पोचणार नाही. सेफ्टी डोअरची किल्ली आणि टॉर्च दाराजवळ, रोज त्याच जागी.

स्वयंपाकघरात गॅसच्या रबरी नळीवरची तारीख वाचा. पाच वर्षं झाली की नळी बदला, ती चांगली दिसत असली तरी. रात्री रेग्युलेटर बंद करून झोपा. हा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. दारं-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि 1906 ला फोन करा. दिवाळीच्या फराळाला कढईतलं तेल पेटलं तर पाणी ओतायचं नाही, कढई उचलून पळायचंही नाही. शेगडी बंद करून वर झाकण किंवा परात ठेवा. भाजल्यावर हळद नको, टूथपेस्ट नको. 20 मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा.

अग्निशामक सिलिंडर भिंतीवर आहे म्हणजे काम झालं असं नाही. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का बघा. पिन काढून, नळीचं तोंड आगीच्या बुडाशी धरून डावी-उजवीकडे फिरवायचं. तो जेमतेम 15-20 सेकंद चालतो, म्हणून पाठ नेहमी दाराकडे. एकानं विझली नाही तर निघा. ज्या इमारतीत आग विझवायची यंत्रणा बंधनकारक आहे, तिथं 2006 च्या राज्य कायद्याप्रमाणे ती चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यावा लागतो. सेक्रेटरींकडे तो बघायला मागा, संकोच करू नका.

मग घरातल्या सगळ्यांना जेवायला बसल्यावर सांगा. लिफ्ट नाही. दार उघडण्याआधी हाताची मागची बाजू लावून बघायची, गरम लागलं तर उघडायचं नाही. जिना मोकळा असेल तर खाली उतरायचं, धुरानं भरला असेल तर परत घरात. धुरात वाकून, जमिनीलगत. बाहेर पडताना दार ओढून घ्यायचं, कुलूप लावायचं नाही. सोनं, कागद, मोबाइल, कशासाठीही परत फिरायचं नाही. भेटायची जागा एकच ठरवा. आमची समोरच्या मेडिकलच्या पायरीशी आहे. 101 किंवा 112 ला फोन करताना इमारतीचं नाव, जवळची खूण, मजला आणि आत कुणी अडकलंय का, एवढं आधी सांगा. एकानं गल्लीच्या कोपऱ्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं फाटक उघडून गाड्या हलवायच्या.

दर वर्षी 14 एप्रिलच्या आठवड्यात तालीम घ्या. 1944 साली त्याच तारखेला मुंबई गोदीच्या स्फोटात अग्निशमन दलाचे 66 जवान गेले, म्हणून तो आठवडा अग्निसुरक्षेचा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना वॉकरशिवाय चालता येत नाही. त्यांच्यासाठी आम्ही दोन मुलं नेमली, एक गावी गेला तर बदली तिसरा. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून आणायला चार मिनिटं लागली. वळणावर खुर्ची भिंतीला अडकली. आता हात नसलेली खुर्ची घेतली आहे, ती आजींच्या दाराशीच असते. पुढची तालीम रात्री, जिन्यातले दिवे बंद करून.